"तिसरा गंभीर गुन्हा गंभीर असेल तरच": फेलनीला मराठीत काय म्हणावं?

सनीवेलकरीण
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय. विषय: कॅलिफोर्नियातले शिक्षेचे कायदे १९९४ पासून कसे बदलत गेले. फेलनीला 'गंभीर गुन्हा' आणि मिसडिमीनरला 'किरकोळ गुन्हा' असं ठरवून पाच पानं झपाट्याने उरकली. १९९४ चा 'थ्री स्ट्राइक्स' कायदाही बसला: नावावर आधीच्या दोन स्ट्राइक (म्हणजे 'सीरियस' किंवा 'व्हायलंट' ठरलेल्या फेलनींच्या शिक्षा) असतील तर पुढची कुठलीही फेलनी केली की २५ वर्षं ते जन्मठेप. मग आलं २०१२. मतदारांनी प्रस्ताव ३६ मंजूर करून नियम सैल केला. काही अपवाद सोडले तर तिसरी फेलनीही 'सीरियस' किंवा 'व्हायलंट' हवी. या दोन्हींच्या कायद्यात वेगळ्या याद्या आहेत.

माझं वाक्य झालं, "तिसरा गंभीर गुन्हा गंभीर असेल तरच." नवऱ्याने वाचून विचारलं, आधीचे दोन काय गमतीत केले होते?

सुचवा काहीतरी. शुक्रवारी लेख द्यायचाय.

तर्कट
दखलपात्र आणि अदखलपात्र. पेपरात रोज येतं. विषय संपला.

जुना लघुलेखक
संपला नाही. दखलपात्र म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते तो. ठाण्यात 'एनसी लिहून घेतली' म्हणतात तो अदखलपात्र. ही वाटणी पोलिसांच्या अधिकाराची, ताईंची वाटणी शिक्षेची. कोर्टात ३१ वर्षं टंकलेखन केलंय, ही गल्लत वकीलही करतात.

आपल्याकडे शब्द नाही याचं कारण साधं आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने इंग्लंडातली फेलनी-मिसडिमीनर ही विभागणी उचललीच नाही. खून असो की शिवीगाळ, सगळा 'ऑफेन्स'. जे मूल घरात जन्मलंच नाही त्याचं बारसं कोण करणार? पुढे इंग्लंडनेही १९६७ साली ती विभागणी मोडीत काढली. अमेरिकेत मात्र राहिली.

शुद्धमती
मुळात 'गुन्हा' फारसी आहे. 'अपराध' घ्या, म्हणजे फेलनीला 'महापराध' करता येतो आणि 'गंभीर महापराध' म्हटलं तरी द्विरुक्ती होत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला होता?

तर्कट
त्यापेक्षा 'महापातक' घ्या की. पाच महापातकांत सोन्याची चोरी आहे, सुरापानही आहे. मंडळाची कोजागिरी पाहता दुसऱ्याचा फेरविचार व्हावा.

जुना लघुलेखक
शुद्धमती, शब्द फारसी असला तरी त्याने मराठीत वेगळा संसार केलाय. पेशवाईच्या कागदांत 'गुन्हेगारी' म्हणजे चक्क दंडाची रक्कम. 'गुन्हेगारी घेतली' म्हणजे पैसे वसूल केले. आता असा शब्द हाकलायचा?

सनीवेलकरीण
महापराध आवडला होता, पण पुढच्या पानावर पडला. २०१४ च्या प्रस्ताव ४७ ने ठरवलं की दुकानातून ९५० डॉलरपर्यंतचा माल उचलला तर सहसा मिसडिमीनर. म्हणजे ९५१ डॉलरच्या बुटांना महापराध? त्यात २०२४ ला पुन्हा 'प्रस्ताव ३६' याच नावाने आलेल्या कायद्याने उलट फास आवळला: चोरीच्या दोन शिक्षा आधी झालेल्या असतील तर पुढची चोरी, कितीही स्वस्तातली असो, फेलनी ठरू शकते. एकच क्रमांक, एकदा सैल करणारा, एकदा घट्ट करणारा. वाचकांना तळटीप द्यावी लागणार.

आणि खरी अडचण त्या 'ठरू शकते'त आहे. ज्या गुन्ह्यावर सरकारी वकील आणि न्यायाधीश फेलनी किंवा मिसडिमीनर यांपैकी कुठलाही शिक्का मारू शकतात, त्याला इथले वकील 'वॉब्लर', म्हणजे डळमळणारा, म्हणतात. त्याचं काय करू? लेखात गॅरी युइंगचा खटला आहे. २००० साली त्याने एका गोल्फच्या दुकानातून प्रत्येकी ३९९ डॉलरच्या तीन काठ्या पँटच्या पायात लपवल्या. लंगडत बाहेर पडला म्हणून नोकराला संशय आला. तो गुन्हा वॉब्लर होता. न्यायाधीशांनी मिसडिमीनर करायला नकार दिला, आधीच्या शिक्षा होत्याच, त्यामुळे २५ वर्षं ते जन्मठेप. २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती कायम ठेवली.

तर्कट
चालही लंगडी, गुन्हाही लंगडा.

शुद्धमती
दोलायमान अपराध.

अर्धवट
तळ्यात-मळ्यात गुन्हा! न्यायाधीश ओरडणार "मळ्यात!" आणि आरोपीने उडी मारायची. चुकला तर बाद.

सनीवेलकरीण
अर्धवट, हा घेतला. अवतरणात घालून. आता फेलनीचं बघा ना कुणीतरी.

तर्कट
ज्याला मोठा तुरुंग ती फेलनी, ज्याला छोटा ती मिसडिमीनर. आपल्याकडेही मध्यवर्ती कारागृह आणि जिल्हा कारागृह आहेच.

सनीवेलकरीण
२०११ पर्यंत बरचसं चाललं असतं. तेव्हा राज्याचे तुरुंग इतके भरले होते की कायदा बदलून बऱ्याच फेलनींची शिक्षा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात भोगायची सोय केली.

शुद्धमती
निदान 'जेल' न म्हणता 'तुरुंग' म्हणताय हे बरं. अस्सल मराठी शब्द.

गोंयकार
माफ करा, आत्तापर्यंत गप्प वाचत होतो. तुरुंग अस्सल पोर्तुगीज आहे हो. 'त्रोंको' म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचं लाकूडही तेच. त्यावरून कैदखाना. गंमत अशी की पोर्तुगीज आमच्या उरावर साडेचारशे वर्षं बसले आणि आम्ही कोंकणीत बंदखण म्हणतो. तुरुंग तुम्ही नेला.

जुना लघुलेखक
वा! आणि आपला 'खोडा' बघा. तोही पाय अडकवायचाच, तोही खोडावरूनच. दोन भाषांना एकाच लाकडातून एकच कल्पना सुचली. कामात खोडा घालतात तो हाच.

शुद्धमती
म्हणजे 'खोडा' हाच आपला मूळ शब्द. तुरुंगाऐवजी तोच घ्यावा.

तर्कट
"आरोपीची रवानगी येरवडा मध्यवर्ती खोड्यात."

अर्धवट
मग वाईट सवयीची खोडही यातलीच का? लहानपणी अंगठा चोखायचो. आजीने त्याला कारल्याचा रस लावला आणि सगळ्यांना सांगत सुटली, "पोराची खोड मोडली." अंगठा अजून कडू लागतो. पण ती खोड आणि ते खोड, लिंग वेगळं आहे.

गोंयकार
लिंग बदलतं हो प्रवासात.

शुद्धमती
प्रवासात बदलतं म्हणजे? पुरावा द्या.

सनीवेलकरीण
मंडळी, आज गुरुवार. 'फेलनी'च ठेवलाय, पहिल्या पानावर चौकटीत अर्थ दिलाय. आता सांगा, अनेकवचन काय करू? 'दोन फेलनी' की 'दोन फेलन्या'? संपादकबाई म्हणतात, फेलन्या वाचून मावशीकडच्या कुणाची आठवण येते.

जुना लघुलेखक
'खोड'साठी मोल्सवर्थचा शब्दकोश बघावा लागेल. तो माळ्यावर आहे, मला आता शिडी चढवत नाही. मुलगा रविवारी येतो, तेव्हा काढून घेतो.