मदत हवी आहे: ब्लाउड्रुकमधली पांढरी नक्षी तिसऱ्या बुडवणीत फुटते

ऑस्ट्रिया, जर्मनी, चेकिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या पाच देशांची सामाईक ठसेछपाई म्हणजे ब्लाउड्रुक (चेकमध्ये मोद्रोतिस्क, हंगेरीत केकफेश्तेश). 2018 मध्ये ती युनेस्कोच्या यादीत आली. ठशाने रंगरोधक लगदा लावायचा, कापड निळीत बुडवायचं, शेवटी लगदा धुतला की पांढरी नक्षी उरते.

माझा लगदा: 100 मिली पाण्यात रात्रभर भिजवलेला 50 ग्रॅम बाभळीचा डिंक, त्यात 100 ग्रॅम चिनी माती. खळ काढलेलं सुती कापड, छपाईनंतर दोन दिवस सुकवलेलं. कुंड (निळीचं रंगद्रावण): नीळ, चुना, फ्रुक्टोज 1:2:3. पाच मिनिटं बुडवून दहा मिनिटं हवेत.

दोन बुडवण्यांपर्यंत कडा स्वच्छ. तिसरीत डिंक सुटतो आणि पितळी खिळ्यांच्या ठशाचे बारीक ठिपके आधी निळे होतात. लगदा जाड केला तर सुकताना तडकतो. कापड चौकटीवर ताणलेलं असतं, घड्या एकमेकींना लागत नाहीत. दाबूची (राजस्थानी ठसेछपाईतली रंगरोधक) माती नको, इतके बारीक ठिपके तिच्यात उठत नाहीत.

जुन्या कृतींत लगद्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) असे. तो नीळ कापडात शिरण्याआधीच पृष्ठभागावर तिचं ऑक्सिडीकरण करतो. वरच्या मापाला मोरचूद किती ग्रॅम घालावा, आणि तो सुटून फ्रुक्टोजचं कुंड मरू नये (निकामी होऊ नये) म्हणून काय करता?