मे महिन्याच्या दुपारी मुलांना काय देता? (अनुभव धागा)

गच्चीवरची
समोरच्या गच्चीवर आज सकाळी कुणीतरी साबुदाण्याचा चीक पळीपळीनं घालत होतं. त्या वासानं जुन्या सगळ्या सुट्ट्या एकदम आठवल्या, म्हणून हा धागा. जूनच्या मध्यापर्यंत शाळा नाहीत, बाहेर ३४-३५ अंश आणि वर दमटपणा. मुलांना नेमकं काय काम देता ते मापासकट लिहा.

सुरुवात पापड्यांपासून करते. १ वाटी साबुदाणा रात्री २ वाट्या पाण्यात भिजवायचा. सकाळी ४ वाट्या पाणी उकळून त्यात घालायचा आणि मंद आचेवर ढवळत पारदर्शक करायचा. दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका दिसत असेल तर अजून कच्चा आहे. चमचाभर जिरं, मीठ मात्र चवीला किंचित कमीच, कारण पापडी वाळून आटते आणि खारटपणा वर येतो. चीक कोमट असतानाच घालायचा. गार झाला की गोळा होतो, पसरत नाही. पातेल्याला मुलांचा हात लागू द्यायचा नाही. मोठ्यांनी वाटीत काढून द्यायचा, मुलांनी छोट्या डावानं प्लास्टिकवर घालायचा.

सातला सुरुवात, साडेआठला मुलं खाली. पुढचं कावळे-कबुतरं राखायचं काम जिन्याच्या सावलीतून.

आठळी
मुंबईत एका उन्हात वाळत नाहीत हेही लिही गं. संध्याकाळी उलटायच्या, रात्री घरात पंख्याखाली ठेवायच्या. गच्चीवर राहिल्या तर समुद्राची दमट हवा पुन्हा आत शिरते. दुसरं ऊन, जमलं तर तिसरंही. मोडताना कट्‌ आवाज आला तरच डब्यात. नुसती वाकली तर आठवड्यात कुबट वास येणार.

गच्चीवरची
बरोबर. आणि जाड घातली की कडा वाळतात, मधे ओलच राहते. मुलं हमखास जाड घालतात, त्यांच्या पापड्या वेगळ्या प्लास्टिकवर ठेवा.

वाळा
नागपूरहून मुंबईत नव्यानं आलेल्यांसाठी. इथे कूलर आणि वाळ्याचे ताटे (खिडकीला लावून पाणी मारायचे वाळ्याच्या गवताचे पडदे) घेऊ नका. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, म्हणून तिकडच्या कोरड्या हवेत खोली गार होते. मुंबईची हवा आधीच बाष्पानं भरलेली, पाणी उडतच नाही. खोली अजून चिकट होते आणि मुलांना घामोळं येतं. इथे समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि पंखा, एवढंच खरं. पश्चिमेची खिडकी दुपारी २ नंतर जाड पडद्यानं बंद.

चाळकरी
वाळादादा, वरच्या मजल्याचं काय? स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो. मुलं झोपत नाहीत.

वाळा
गच्चीला पांढरा चुना मारा, त्यात थोडा डिंक मिसळा म्हणजे पाय ठेवला की निघत नाही. दोन हात, एप्रिल लागायच्या आत. आता मारलात तरी फरक पडेल. सोसायटीची परवानगी मात्र आधी घ्या.

ओहोटी
किनारा! मुलांना सकाळी ओहोटीला न्या. कोळीवाड्यातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी ७ ते ८ च्या दरम्यान पाणी तळाला जातं, आणि उधाणाचे दिवस असल्यानं ते लांबवर ओसरतं. मुलांना कालनिर्णय आणि पेन्सिल द्या, महिनाभराचा तक्ता त्यांनाच करू द्या. पाऊणपटीचं गणित आपोआप पक्कं होतं. निघायच्या दिवशी छापील भरती-ओहोटीच्या वेळा बघायच्याच.

तळाच्या वेळेच्या तासभर आधी पोचा, पाणी फिरलं की परत. जुहूला वाळूतले खेकडे आणि शिंपले, हाजी अलीजवळ आणि कार्टर रोडला खडकांतली डबकी. पायात पकड असलेले बंद बूट. दगड उचलला तर होता तसाच परत ठेवायचा, खाली जिवांचं घर असतं. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख हातात घ्यायचा नाही, आतला जीव विषारी काटा मारतो. शेवाळावर पळायचं नाही. सगळं ९ च्या आत आटपा.

सोनमोहर
ओहोटीताई, अष्टमीला नेलं तर?

ओहोटी
भांगेचे दिवस. पाणी फारसं ओसरत नाही, आणि ओहोटी भर दुपारी येते. नको.

आठळी
फणस खाल्ल्यावर आठळ्या टाकू नका. धुवून, सावलीत दोन दिवस सुकवून, मिठाच्या पाण्यात कुकरला ४ शिट्ट्या. सोलायचं काम मुलांचं, अर्धा तास शांतता.

माटुंगेकर
पंधरा-सोळा मे गाठा. त्या दिवसांत मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी १२.३५ च्या सुमारास उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. गच्चीवर सपाट जागी स्टीलचा पेला उपडा ठेवा. बाटली ठेवणार असाल तर दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि ती सरळ उभी आहे का तपासा, बाटली कलली की सावली राहतेच. १२.१५ पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची. मुलं मधल्या वेळात जिन्यात थांबतील, टोपी आणि चप्पल सक्तीची. वर बघायचं नाही, खाली बघायचं. हाच योग जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा ढग.

सोनमोहर
वा, हे घरच्यांना सांगते. सकाळी साडेसहाला माटुंग्याच्या पाच उद्यानांच्या बाजूला फिरायला न्या, फुललेली झाडं मोजायची: बहावा, गुलमोहर, सोनमोहर, ताम्हण. ताम्हण आपलं राज्यफूल. टुक टुक असा एका ठेक्यात आवाज आला की तो तांबट, वडा-पिंपळावर शोधायचा.

रातांबा
दादरला ताजे रातांबे (कोकमाची फळं) आलेत का कुणी पाहिलेत?

चाळकरी
कालच पाहिले. दोन टोपल्या होत्या, सकाळी लवकर जा.

रातांबा
आभार! मग अमृत कोकमाची कृती देतो. रातांबे धुवून पूर्ण कोरडे पुसायचे, पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी. अर्धे कापून बिया वेगळ्या. वाटीसारख्या सालीत मुलांनी साखर दाबून भरायची आणि बरणीत थर लावायचे. १ किलो सालींना २ किलो साखर. बरणीला फडकं बांधून ८-१० दिवस उन्हात, रोज कोरड्या चमच्यानं हलवायचं. साखर पूर्ण विरघळली की गाळून घ्या. साखर कमी टाकण्याचा मोह नको, तीच टिकवते. हाताचे डाग जातात, कपड्याचे जात नाहीत, तेव्हा जुने बनियन घालूनच बसवा.

गारेगार
आइस्क्रीमचा पॉट नसेल तर झिपच्या पिशव्या चालतात. लहान पिशवीत अर्धा कप साईचं दूध, दीड चमचा साखर, दोन चमचे हापूसचा रस. हवा काढून बंद, वर अजून एक पिशवी. मोठ्या पिशवीत तीन ट्रे बर्फ आणि अर्धी वाटी खडे मीठ. दुधाची पिशवी त्यात ठेवून नॅपकिनमध्ये गुंडाळा आणि ८-१० मिनिटं हलवा. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली जाऊन वितळतो, म्हणून दूध गोठतं. म्हणूनच उघड्या हातानं धरायचं नाही, चटका बसतो. उघडायच्या आधी लहान पिशवी नळाखाली धुवा, नाहीतर सगळं खारट. बर्फ कमी पडला तर नुसतं दाटसर दूध मिळतं.

सोनमोहर
आणि ते मिठाचं पाणी कुंडीत ओतू नका, झाड मरतं!

चाळकरी
आमच्याकडे पाणी दोनच तास. त्यामुळे पाण्याचे खेळ म्हणजे एक परात आणि दोन तांबे पाणी: काय तरंगतं, काय बुडतं. भेंडी, लिंबू, सोललेलं लिंबू (ते बुडतं), बटाटा, खोबऱ्याची करवंटी. नंतर तेच पाणी फरशी पुसायला. लहान मूल भरल्या बादलीजवळ एक मिनिटही एकटं सोडू नका, गुडघाभर पाणीसुद्धा जिवावर बेततं.

पत्तेवाला
तिघं असतील तर पाच-तीन-दोन. ३० पानं लागतात: चारही रंगांची आठपासून एक्क्यापर्यंत २८, आणि इस्पिक-बदामच्या सत्त्या. प्रत्येकी १०. वाटणाऱ्याचे २ हात, पुढच्याचे ५ आणि हुकूमही त्याचाच, तिसऱ्याचे ३. हुकूम पहिल्या पाच पानांवर बोलायचा. चौघं असतील तर मेंढीकोट. सहा वर्षांच्या आतल्यांना बदाम सात. पंखा बंद करावा लागू नये म्हणून टाकलेल्या हातांवर पोळपाट ठेवा.

आठळी
पोळपाट! फारच छान.

लगदा
कागदाच्या लगद्याचे वाडगे करा. रद्दीचे तुकडे २४ तास भिजवून पाट्यावर नाहीतर मिक्सरला वाटायचे. ५०० ग्रॅम कागदाला दोन मूठ मेथ्या, त्याही भिजवून वाटलेल्या. मेथीनं लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही. उपड्या वाडग्याला आधी प्लास्टिक, मग बोटभर जाडीचा थर. कोवळ्या उन्हात दोन दिवस, मग सावलीत. थेट कडक उन्हात ठेवला तर तडे जातात. लग्नपत्रिकांचा चकचकीत कागद नको, तो भिजत नाही.

दवाखाना
एवढं वाचा. मैदानात ११ ते ४ नको. पत्र्याची घसरगुंडी आणि रबरी लाद्या ऊन उतरल्यावरही भाजतात, आधी आपला तळहात लावून बघा. मुंबईत मार्चसुद्धा फसवतो: पूर्वेचा वारा आला आणि समुद्रवारा उशिरा सुटला की पारा चढतो, २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ अंश होते. घामोळ्यावर पावडरीचे थर नकोत, सुती कपडे आणि गार पाण्याची आंघोळ. जुलाब झाले तर घरचं पाणी: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर धोका. अंग तापलेलं आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा गुंगीत आहे, तर ओल्या कपड्यानं पुसत, वारा घालत थेट रुग्णालयात. वाट बघू नका.

गच्चीवरची
आभार, हे प्रत वेगळी काढून फ्रीजवर लावते.

चाळकरी
बुधवारी राणीच्या बागेत कुणी जाऊ नका, बंद असते. नॅशनल पार्क सोमवारी.

रातांबा
दोन टोपल्यांतली एक संपली! उरलेली मी घेतली. बरणी किती मोठी लागेल २ किलोला?

आठळी
साखर धरून ६ किलो होईल. पाच-पाच लिटरच्या दोन घ्या, काठोकाठ भरू नका, रस वर येतो.