मदत हवी आहे : लाइटनिंगमध्ये चॅनेल उघडायलाच रांग लागणार नाही का?

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितेय. रविवारी कॉलेजात ज्युनियर मुलांसमोर बोलायचंय, विषय बिटकॉइनची व्यवहार-क्षमता कशी वाढवता येईल. तयारी झाली असं वाटत होतं. परवा रात्री बाबांनी लाइटनिंगवर (बिटकॉइनचे व्यवहार मुख्य नोंदवहीबाहेर करायची पद्धत) एक प्रश्न विचारला आणि गाडी तिथेच अडली.

आधी माझा हिशेब मांडते, चूक त्यातच असली तर सांगा. ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा. मूळ मर्यादा ब्लॉकमागे १ एमबी, बिटकॉइनचा निर्माता सातोशी याने २०१० मध्ये घातलेली. साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक. व्यवहार २५० बाइटचा धरला तर ब्लॉकमध्ये ४०००, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात. ऑगस्ट २०१७ च्या सेगविट या नियमबदलानंतर सह्यांचा भाग हलका मोजतात, त्यामुळे थोडी जागा वाढली, पण फार नाही.

ब्लॉकच मोठा करायचा मार्ग बिटकॉइन कॅशवाल्यांनी २०१७ मध्ये वेगळं होऊन घेतला. आधी ८ एमबी, २०१८ मध्ये ३२. इथे माझं मत पक्कं आहे. माझ्या खोलीत जुन्या डेस्कटॉपवर फुल नोड (सगळे व्यवहार स्वतः तपासणारा प्रोग्रॅम) चालतो. पहिल्यांदा सगळी साखळी (आजवरचे सगळे ब्लॉक) उतरवून तपासायला त्याला नऊ दिवस लागले, मध्ये दोनदा वीज गेली, रात्रभर टेबलाखाली पंखा घरघरत होता. ३२ एमबीचे ब्लॉक भरून यायला लागले तर रोज साडेचार जीबी, वर्षाला १६८० च्या आसपास. मी बाहेर पडेन, माझ्यासारखे बरेच पडतील, आणि तपासणी फक्त मोठ्या मशिनवाल्यांच्या हातात जाईल. मग बिटकॉइन हवंच कशाला?

म्हणून लाइटनिंग. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांचा २०१६ चा पेपर. दोघांनी काही रक्कम साखळीवर अडकवायची, आपसात हवे तेवढे व्यवहार बाहेरच करायचे, शेवटचा हिशेब तेवढा साखळीवर. दोघांमधल्या या जोडणीला चॅनेल म्हणतात. थेट चॅनेल नसलं तरी मधल्यांकरवी पैसे पोचतात. बाबा बँकेत बरीच वर्षं क्लिअरिंगला होते. ते लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच. दिवसभर चेकांचे गठ्ठे, आणि शेवटी बँकाबँकांतला फरक तेवढा फिरायचा." मी म्हटलं, हो, फक्त इथे पैसे आधी अडकवावे लागतात.

मग त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने मांडलं : दिवसाचे १४४ ब्लॉक गुणिले ४०००, रोजचे ५,७६,०००. "चॅनेल उघडायला साखळीवर एक व्यवहार लागतोच ना? २०११ च्या जनगणनेत इंदूर १९ लाखांवर होतं. नुसत्या आपल्या गावाने माणशी एक उघडायचं म्हटलं तरी तीन दिवसांच्या वर, तेही बाकी जगाने हात बांधून बसायचं." जगाचे ८०० कोटी धरून मीच भागाकार केला. ३८ वर्षं! आणि बंद करायला पुन्हा एक व्यवहार.

मला सुचलेली वाट एकच : एकाच व्यवहारात पुष्कळांची चॅनेल उघडायची. प्रत्येक चॅनेलचा आउटपुट (पैसे कुठे जातात ती नोंद) सुमारे ४३ बाइट, म्हणजे इनपुट (पैसे कुठून येतात ती नोंद) न मोजता ब्लॉकमागे २३,००० च्या आसपास, जवळपास सहा पट. पण हे करायला बरीच माणसं एका वेळी सही करायला हजर हवीत. एक जण मधेच गायब झाला तर? सगळ्यांचं अडकतं, की त्याला वगळून पुढे जाता येतं? एखाद्या कंपनीने सगळ्यांच्या नावाने एकच मोठं चॅनेल ठेवायचं हा उपाय मला मान्य नाही. ते बाबांची बँकच झाली.

कुणी स्वतः लाइटनिंग नोड चालवत असेल, एकत्र चॅनेल उघडून पाहिली असतील, तर प्रत्यक्षात किती जणांपर्यंत जमलं ते सांगाल का? आणि बाबांच्या आकडेमोडीत कुठे चूक दिसली तर तेही. इथेरियमसारख्या दुसऱ्या साखळ्यांवरच्या उपायांचं आत्ता नको, विषय बिटकॉइनपुरताच आहे. शनिवारी रात्रीपर्यंत स्लाइड बदलता येतील.