मदत हवी आहे : जुन्या लॅपटॉपवर, लिनक्समध्ये, ओव्या टाईप करायला साधा आणि हलका वर्ड प्रोसेसर

माणदेशी_भाचा :

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप माझा, पण प्रश्न आत्याचा आहे. आत्या ६९ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, मुक्काम माण तालुक्यात दहिवडीजवळ. तीनेक वर्षांपासून ती जात्यावरच्या ओव्या गोळा करते आहे. आधी आजीच्या, मग गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या, मग माहेरपणाला आलेल्या कुणाच्याही. सहा वह्या भरल्या. त्यातल्या एका वहीची कड कसरीने खाल्ली तेव्हा तिचा फोन आला, "हे आता कंप्युटरात घालायचं. शिकव."

माझ्याकडे २०११ सालचा लॅपटॉप पडून होता. २ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, बॅटरी मेलेली, म्हणजे वीज गेली की खेळ खलास. विंडोज ७ काढून लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. मशीन सुरू होतं, वायफाय सापडतं, आयबसमध्ये (भाषा बदलून टाईप करायची सोय) मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक चालतो. कळांवर देवनागरी स्टिकर लावून दिले. इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो.

पुढे अडलं. मिंटसोबत आलेलं लिब्रेऑफिस रायटर सकाळी पहिल्यांदा उघडायला जवळजवळ मिनिटभर घेतं. काही होत नाही म्हणून आत्या पुन्हा क्लिक करते, पुन्हा करते, आणि मग एकदम तीन कोऱ्या खिडक्या समोर येतात. वर बटणांच्या रांगा, उजवीकडे आणखी एक पट्टी. "एवढ्या पसाऱ्यात मी ओवी कुठं लिहू?"

म्हणून अबीवर्ड हे छोटं लिहायचं सॉफ्टवेअर टाकलं. झटकन उघडलं, दिसायला सुटसुटीत, आत्या खूश. पंचवीस ओव्या टाईप केल्या, नमुना म्हणून डॉकएक्स (वर्डची फाईल) करून एका छापखान्याला पाठवल्या. त्यांनी प्रिंट काढून दिलं तर तळटिपा भलत्याच पानांवर आणि ओव्यांच्या ओळी मागेपुढे. चूक अबीवर्डची, तिथल्या वर्डची की माझी, देव जाणे.

तिला हवं आहे ते थोडकं आहे. दोन ओळींची ओवी, खाली जिने सांगितली तिचं गाव. खुंटा, माकडी, वैरणे असे शब्द हल्लीच्या पोरांना कळत नाहीत, त्यासाठी तळटीप. पानांना क्रमांक. ओवी पानाच्या टोकाला मधेच तुटू नये. तक्ते नकोत, चित्रं नकोत. कृपया 'ऑनलाइन लिहा' असं सांगू नका, तिथलं नेट पावसासारखं आहे, आलं तर आलं.

अबीवर्डच ठेवू की आणखी काही आहे?

---

कौलारू :

फोकसरायटर बघा. उघडलं की पूर्ण पडदाभर कोरा कागद, बाकी काही नाही. बटणं लपलेली असतात, माऊस वर नेला की मेनू खाली येतो. आपोआप सेव्ह करतं. ओडीटीतही (लिब्रेऑफिसच्या फाईलच्या प्रकारात) ठेवता येतं. टाईपरायटरचा खटखट आवाज सुरू करायची सोयसुद्धा आहे, आत्यांना मजा वाटेल.

---

टर्मिनल_आजोबा :

वर्ड प्रोसेसर पाहिजेच कशाला? मी २० वर्षं सगळं साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहितो. मिंटमध्ये साधा टेक्स्ट एडिटर असतोच. एक ओवी, एक रिकामी ओळ, पुढची ओवी. यूटीएफ-८ या युनिकोड प्रकारात सेव्ह करा. ती फाईल आणखी ३० वर्षांनी कुठल्याही यंत्रावर उघडेल. सजावट छापखान्यावाल्याचं काम आहे, आत्यांचं नाही.

---

माणदेशी_भाचा :

@कौलारू, टाकून पाहिलं. आत्याला आवाज आवडला, पण तळटिपेची सोय दिसली नाही.

@टर्मिनल_आजोबा, पटतं हो. पण तळटिपा साध्या फाईलमध्ये कशा सांभाळायच्या? आत्याने पहिल्याच दिवशी प्रत्येक ओवीखाली कंसात अर्थ लिहिला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, ओवीच्या अंगावर हे लुगड्याला लावलेल्या ठिगळासारखं दिसतंय.

---

टर्मिनल_आजोबा :

ठिगळ हा शब्द मान्य. माघार.

---

बिनसाखरेचा :

ओन्लीऑफिस हे दुसरं ऑफिस सॉफ्टवेअर टाका, डॉकएक्स अगदी जसंच्या तसं दिसतं. आणि लिब्रेऑफिसच ठेवायचं असेल तर इम्प्रेस, कॅल्क, ड्रॉ, बेस हे त्यातले बाकीचे प्रोग्राम सगळे उडवा. नुसतं रायटर ठेवलंत की पळायला लागेल.

---

शाईदौत :

बिनसाखरेचा, दोन्हीला हरकत घेतो. ओन्लीऑफिसच्या डेस्कटॉप आवृत्तीच्या पोटात क्रोमियम ब्राउझरचं इंजिन असतं. २ जीबीच्या मशीनवर तो पाहुणा परवडणार नाही. आणि इम्प्रेस-कॅल्क काढल्याने डिस्कवरची जागा सुटते, रायटर वेगवान होत नाही. सगळ्यांचा गाभा एकच आहे, रायटर उघडताना तो वाचावाच लागतो.

भाचेबुवा, आधी एक करून बघा. सकाळी रायटर उघडा, वेळ मोजा. बंद करा आणि लगेच पुन्हा उघडा. दुसऱ्या वेळी पाच-दहा सेकंदांत आलं तर दोष रायटरच्या वजनाचा कमी आणि फिरत्या डिस्कचा जास्त. पहिल्यांदा शेकडो फाइली डिस्कवरून ओढाव्या लागतात, दुसऱ्यांदा त्या रॅममध्ये तयार असतात.

---

माणदेशी_भाचा :

आत्याकडून फोनवर करवून घेतलं. पहिल्यांदा ५५ सेकंद, दुसऱ्यांदा ८. तिने घड्याळ लावून मोजलं, परीक्षेला पर्यवेक्षक असल्यासारखं.

---

शाईदौत :

मग उत्तर मिळालं. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जा, २.५ इंची साटा एसएसडी (फिरत्या डिस्कच्या जागी बसणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) घ्या, सर्वांत लहान असेल ती चालेल. रॅमची एक जागा रिकामी असेल तर जुन्या बाजारात डीडीआर३ प्रकारच्या रॅमची २ जीबीची पट्टीही बघा, मात्र आधी लॅपटॉप उघडून आत कोणती आहे ते वाचा. यानंतर 'हलका वर्ड प्रोसेसर' हा प्रश्न जवळपास संपतो.

अबीवर्डबद्दल. मला ते आवडतं, जुन्या मशीनवर चालणाऱ्या पपी लिनक्सवर मी वर्षानुवर्षं तेच वापरलं. पण त्याची ३.० आवृत्ती २०१३ ची, त्यानंतर किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर फारसं काही आलेलं नाही. पत्र, अर्ज, सभेचं इतिवृत्त यांना झकास. पुस्तक डॉकएक्समधून छापखान्यात जायचं असेल, त्यात तळटिपा असतील, तर मी त्यावर विसंबणार नाही. लिब्रेऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात आणि डॉकएक्सची डागडुजी सतत चालू असते. शिवाय २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून अक्षरांच्या मांडणीला सगळीकडे हार्फबझ नावाचं इंजिन वापरतात, तेव्हापासून जोडाक्षरांची कटकट पुष्कळ कमी झाली.

आता पसारा. व्ह्यू मेनूत 'यूजर इंटरफेस' म्हणून आहे, तिथे 'सिंगल टूलबार' निवडा. बटणांची एकच रांग उरेल. उजवी पट्टी कंट्रोल-एफ५ ने जाते. डेस्कटॉपवरचं चिन्ह लिब्रेऑफिसचं नको, थेट आत्यांच्या फाईलचं ठेवा. तिला प्रोग्राम उघडायचा नाही, वही उघडायची आहे.

टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल, देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) सुरू आहे का बघा आणि तिथे मराठी निवडा. हिंदी राहिलं तर काही फॉण्टांमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. शिक्षिकाबाईंच्या नजरेतून ते सुटणार नाही. ऑप्शन्समध्येच 'लोड/सेव्ह' मध्ये ऑटोरिकव्हरीचा (वीज गेली तरी लिहिलेलं परत मिळावं म्हणून आपोआप साठवण्याचा) काळ १० मिनिटांवरून २ वर आणा, 'नेहमी बॅकअप प्रत ठेवा' वर टिचकी मारा. बॅटरी मेलेली आहे म्हणता, तर हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

---

कौलारू :

हे उत्तर मी जपून ठेवतो. माझ्या सासूबाईंचं 'श' वरून रोज भांडण असतं.

---

माणदेशी_भाचा :

एसएसडी बसवली. रायटर पहिल्यांदाही १० सेकंदांच्या आत. मी उगाच चार प्रोग्राम टाकून पाहिले.

ओवी पानावर तुटते त्याचं काय? आणि आत्या प्रत्येक ओळीनंतर एंटर मारते, त्यामुळे दोन ओळींमध्ये मोठी फट पडते. मग ती फॉण्ट लहान करून फट कमी करते.

---

शाईदौत :

आत्यांना सांगा, ओवीच्या आतल्या ओळीला शिफ्ट-एंटर, ओवी संपली की नुसतं एंटर. म्हणजे अख्खी ओवी संगणकाच्या लेखी एक परिच्छेद होते. मग 'ओवी' नावाची एक पॅराग्राफ स्टाइल (परिच्छेदाच्या रूपाचा साचा) बनवा, तिच्या 'टेक्स्ट फ्लो' मध्ये परिच्छेद दोन पानांवर तुटू न देण्याचा पर्याय लावा. ओवी बसत नसेल तर पूर्ण पुढच्या पानावर जाईल. खालच्या गावाच्या नावासाठी दुसरी स्टाइल, आणि ओवीच्या स्टाइलला 'कीप विथ नेक्स्ट', नाहीतर ओवी एका पानावर आणि गाव दुसऱ्या पानावर.

फॉण्ट बदलायचा तोही स्टाइलमध्ये, आणि सीटीएल असं लिहिलेल्या भागात. इंग्रजी अक्षरांच्या (वेस्टर्न) भागात बदलला तर देवनागरीवर काहीच परिणाम होत नाही आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. मी बसलो आहे.

काम ओडीटीत चालू द्या. डॉकएक्स अगदी शेवटी, छापखान्यापुरतं. सोबत पीडीएफ द्या. पीडीएफमध्ये फॉण्ट आत बसतात, त्यामुळे अक्षर कसं दिसायला हवं हे त्यांना कळतं. तिथे मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये उलटवणार असतील तर आधीच विचारून घ्या. उलटवताना पहिला बळी ऱ्य चा जातो.

---

माणदेशी_भाचा :

तुमच्या तोंडात साखर पडो की काय म्हणू! ऱ्य चंच प्रकरण झालंय. मोबाईलवर आधी केलेल्या शंभरेक ओव्या आत्याने रायटरमध्ये चिकटवल्या. आता 'सासऱ्या' शोधलं तर लॅपटॉपवर टाईप केलेलेच सापडतात, मोबाईलवरचे नाही. दिसायला दोन्ही सारखे. आत्या म्हणते कंप्युटरला मोतीबिंदू झालाय.

---

टर्मिनल_आजोबा :

ह्यात मी कामाचा आहे. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे, डी आणि य ची कळ. दुसरा जुना प्रकार, साधा र, हलन्त, आणि त्यानंतर न दिसणारा जोडणीचा वर्ण, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. डोळ्यांना एकच, पण आतले क्रमांक वेगळे, म्हणून शोध फसतो.

उपाय : मोबाईलवरून आलेला एक शब्द घ्या. त्यातलं र्‍या घेऊन 'शोधा आणि बदला' च्या वरच्या चौकटीत चिकटवा. तिथे एकदा बॅकस्पेस मारा, काना जाईल आणि र्‍य उरेल. खालच्या चौकटीत इन्स्क्रिप्टने नवं ऱ्य टाईप करा. आधी एकच बदलून बघा, मग सगळे. तेच पुन्हा र्‍ह साठी, कारण कुऱ्हाड आणि तऱ्हा ओव्यांत असणारच. मराठीत हा र बहुतेक या दोन अक्षरांआधीच येतो.

आत्यांना हेही सांगा : बॅकस्पेस जोडाक्षर एकेक तुकडा करून खातं, डिलीट अख्खं अक्षर एका घासात. चूक दुरुस्त करायला बॅकस्पेसच बरं.

---

बिनसाखरेचा :

शब्दतपासणीचं काय केलंत? मराठीचं एक्स्टेन्शन लिब्रेऑफिसच्या संकेतस्थळावर मिळतं.

---

माणदेशी_भाचा :

टाकलं होतं. ओव्यांमधल्या निम्म्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघा आल्या. आत्याने एक पान बघितलं आणि म्हणाली, "माझ्या आईच्या बोलण्याला हा लाल शाईने चुका काढणार?" बंद केलं. प्रस्तावनेपुरतं सुरू करू.

@टर्मिनल_आजोबा, जमलं. र्‍य ४३ ठिकाणी, र्‍ह ६ ठिकाणी. अबीवर्ड काढून टाकलं, फोकसरायटर तेवढं ठेवलंय, कारण सध्या आत्याचा नातू त्यात खटखट आवाज काढत बसतो. तिसरी वही चालू आहे. मेनू मराठीत करून दिला होता, तो तिने दोन दिवसांत परत इंग्रजीत करायला लावला. म्हणे यापेक्षा इंग्रजीच सोपं.

एक राहिलं. ओव्यांना सलग क्रमांक द्यायचे आहेत, पण ते देवनागरी आकड्यांत, आणि ओवी मधे घातली की पुढचे आपोआप बदलायला हवेत.

---

शाईदौत :

ओवीच्या स्टाइललाच नंबरिंग जोडा. क्रमांकाचा प्रकार निवडायच्या यादीत खाली जात राहा, १, २, ३ सापडेल. शिफ्ट-एंटरच्या ओळीला वेगळा क्रमांक पडत नाही, म्हणून ते आधी नीट करून घ्या. आत्यांनी पहिल्या वहीत नुसते एंटर मारले असतील तर ते बसून बदलावे लागतील. तेवढं काम नातवाला द्या.