हिवाळ्यात घरात निघणारे भुंगेरे: तुमचे अनुभव सांगा

खिडकीवाली

थंडी पडली की डास-माश्या कमी होतात आणि नेमके तेव्हाच घरात भुंगेरे दिसायला लागतात. कुणाच्या खिडकीवर, कुणाच्या गालिच्याखाली, कुणाच्या धान्याच्या डब्यात. आणि पहिला प्रश्न ठरलेला: काय फवारू? मला वाटतं आधी किडा कुठला ते बघावं. निम्म्या वेळा फवारायची गरजच नसते.

तर किडा कुठे सापडला, दिसायला कसा होता, काय केलं आणि त्याचा उपयोग झाला का, ते लिहा. नुसतं 'पेस्ट कंट्रोल करून घ्या' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे येतात ते ठिपकेवाले लाल-नारिंगी ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड. थंडीच्या तोंडावर घराच्या ज्या भिंतीला दुपारचं ऊन लागतं तिथे ते गोळा होतात आणि चौकटीच्या फटींतून आत शिरतात. मग थंडीभर आत गुपचूप पडून. खोलीत हीटर लावला की त्यांना वाटतं थंडी सरली. मग एकेक बाहेर येतो आणि काचेवर चढत बसतो. आमचे बहुतेक 'हार्लेक्विन' जातीचे आहेत. डोक्यामागच्या पांढऱ्या भागावर काळा 'एम' काढल्यासारखी खूण असते. ही जात मूळची आशियातली. मावा, म्हणजे झाडांचा रस शोषणारी बारीक कीड, खाते म्हणून मुद्दाम दुसऱ्या खंडांत नेऊन सोडली आणि तिथल्या ढालकिड्यांनाच जड झाली.

हे घरातलं काही खात नाहीत, घरात अंडीही घालत नाहीत. फक्त चिरडू नका. नुसतं चिमटीत धरलं तरी पायांच्या सांध्यांतून पिवळा थेंब येतो. त्याला कच्च्या भोपळी मिरचीसारखा उग्र वास असतो आणि पांढऱ्या पडद्यावर पडला तर डाग जाता जात नाही. मी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडात जुना नायलॉनचा पायमोजा घालते, त्याची कड बाहेर दुमडून रबरबँड लावते. किडे मोज्यात अडकतात, मशीनला वास लागत नाही. मोज्याला गाठ मारायची आणि बाहेर नेऊन सोडायचे.

लोकरीचा गुंडा

ढालकिडे परवडले असं म्हणेन. आमच्याकडे गालिच्यातले भुंगेरे होते.

बायकोच्या हातावर आणि कमरेवर खाजरे पुरळ यायला लागले. ढेकूणच असणार असं दोघांनीही धरलं. गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, सगळं बॅटरी घेऊन बघितलं. ढेकणांचे काळे ठिपके कुठेच नाहीत. मग कपाट भिंतीपासून ओढलं, तर स्कर्टिंगच्या कडेला, केसांच्या आणि धुळीच्या गुंत्यात, तपकिरी पट्ट्यांच्या केसाळ अळ्या. जेमतेम चार-पाच मिलिमीटरच्या. बाजूला त्यांनी टाकलेल्या काती, आतून पोकळ. या अळ्या चावत नाहीत, पण त्यांचे बारीक केस काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. पुरळ त्याचंच.

मोठा झालेला भुंगेरा अगदी गरीब. तीन मिलिमीटरचा, गोलसर, पांढऱ्या-पिवळ्या-तपकिरी नक्षीचा. तो फुलांचे परागकण खातो आणि उजेडाकडे जातो, म्हणून खिडकीत सापडतो. नासधूस सगळी अळीची. लोकर, रेशीम, पिसं, केस, मेलेले किडे, सगळं चालतं. सुती किंवा सिंथेटिक कपड्याकडे सहसा फिरकत नाही, पण त्यावर घामाचे, खाण्याचे डाग असतील तर तेही कुरतडते. म्हणून स्वेटर न धुता कपाटात ठेवायचे नाहीत, हा नियम आमच्याकडे आता कडक आहे.

जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर कपड्यावर दव धरतं. खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा. आणि एका साफसफाईत हे संपत नाही. अळी वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ अळीच राहते. कडेकपारी पुन्हा पुन्हा व्हॅक्यूम कराव्या लागतात.

पसारा

डांबराच्या गोळ्या ठेवल्या की काम झालं की! एवढा खटाटोप कशाला?

लोकरीचा गुंडा

@पसारा, त्या गोळ्यांची वाफ कोंडली तरच अळी मरते, म्हणजे पेटी घट्ट बंद हवी. उघड-मीट चालू असलेल्या कपाटात ती वाफ अळीपेक्षा आपल्याच नाकात जास्त जाते. आणि जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांना या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तरी नकोच.

चाळणी

माझा प्रांत स्वयंपाकघर. 'थंडीत टोके होत नाहीत' हे अर्धंच खरं आहे. साधारण १५ अंशांखाली त्यांची वाढ जवळजवळ थांबते, पण आपलं स्वयंपाकघर कुठे तेवढं गार असतं?

सोंडवाला टोका असेल तर त्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि तोंड बुजवून टाकते. त्यामुळे चाळल्यावर फिरणारे तेवढे निघतात, दाण्याच्या पोटातले तसेच राहतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा हजर. डब्यात वासाची पानं घालून आतल्या अळीला काही होत नाही, कुणी कितीही सांगो. पीठ-धान्य आणल्या आणल्या काही दिवस फ्रीजरमध्ये आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात, हेच काय ते उपयोगी पडलं.

अजून एक. किडे जिथे दिसतात तिथेच मूळ असेल असं नाही. माझ्याकडे तपकिरी, कुबड काढलेले, मान खाली घातलेले बारीक भुंगेरे भिंतीवर फिरत होते. डबे सगळे स्वच्छ. शेवटी माळ्यावरच्या पक्ष्यांच्या दाण्यांच्या पिशवीत वसाहत सापडली. हे प्लॅस्टिकची पातळ पिशवी सहज भोकसतात. मसाले, वाळलेली शोभेची फुलं, कुत्र्या-मांजराचं कोरडं खाणं, सगळं तपासा.

सुतारपक्षी

जळाऊ लाकडाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ओंडके घरात आणून रचले की उबेने आतले भुंगेरे वेळेआधी बाहेर पडतात. लांब मिशांचा मोठा किडा जमिनीवर चालताना दिसला की लोकांना वाटतं आता फर्निचर गेलं. यातल्या बहुतेकांना साल असलेलं, ओलसर लाकूड लागतं. तुमच्या टेबलाशी त्यांना कर्तव्य नाही. लागेल तेवढंच लाकूड आत आणा, बाकी बाहेर.

फर्निचरखाली मैद्यासारखी भुकटी पडत असेल तर मात्र लक्ष द्या. पण तीही जुनी असू शकते, कपाट हललं की जुन्या भोकांतली सांडते. सगळी पुसून घ्या, असलेल्या भोकांभोवती पेन्सिलने गोल काढा, खाली काळा कागद अंथरा. गोलाबाहेर नवीन भोक दिसलं तर कीड जिवंत. उन्हाळा उलटेपर्यंत लक्ष ठेवा, कारण बाहेर पडण्याचा त्यांचा खरा मोसम थंडीनंतरचा असतो.

पसारा

बरं, गोळ्या रद्द. पण खिडकीवाली, त्या फटी सिलिकॉनने बुजवून आत स्प्रे मारला तर?

खिडकीवाली

ऐन थंडीत बाहेरून बुजवल्या तर आतल्यांना बाहेरची वाट बंद, मग ते खोलीतच येणार. आत्ता आतल्या बाजूच्या फटी बुजव: स्कर्टिंग, दिव्यांच्या खाचा, चौकटीच्या कडा. बाहेरच्या बुजवायच्या त्या उन्हाळा संपताना, ते भिंतीवर जमायच्या आधी. आणि भिंतीच्या पोकळीत स्प्रे अजिबात नको. आत मेलेल्या ढालकिड्यांचा ढीग म्हणजे 'लोकरीचा गुंडा' यांच्या अळ्यांना आयतं खाणं.

रातकिडा

आमच्याकडे काळा चकचकीत, भराभर पळणारा एकटादुकटा येतो, बहुधा रात्री, दाराशी. गालिचा नाही, लाकूड नाही. हा कोण?

सुतारपक्षी

जमिनीवरचा शिकारी भुंगेरा असावा. बागेतल्या अळ्या-गोगलगायी खातो, घरात त्याला काही मिळत नाही. कागदावर घेऊन बाहेर सोडा, आणि दाराखाली ब्रशची पट्टी लावा. बाहेरचा दिवा रात्रभर चालू असेल तर तोही बंद करून बघा.