छोट्या गावातली संथ प्रेमकथा जुन्या काळातच का खुलते?

सांजवात (प्रश्न)

नमस्कार. गेल्या रविवारी आईबरोबर 'ब्रुकलिन' हा २०१५ चा चित्रपट पुन्हा पाहिला. आयर्लंडमधल्या एनिसकॉर्थी या छोट्या गावातली एलिश लेसी १९५० च्या दशकाच्या आरंभी पोटापाण्यासाठी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जाते, तिथे टोनी नावाच्या इटालियन वंशाच्या प्लंबरशी तिचे जुळते, आणि बहिणीच्या मृत्यूमुळे गावी परतल्यावर जिम फॅरेल या दुसऱ्या एका सालस तरुणामुळे ती पेचात सापडते, एवढीच गोष्ट. खलनायक म्हणावा असा कोणी नाही, मोठी भांडणे नाहीत, आणि तरीही दोन तास आम्ही दोघी जागच्या हललो नाही. टोनीच्या घरी पहिल्यांदा जेवायला जाण्याआधी बोर्डिंगमधल्या मुली एलिशला स्पॅगेटी न सांडता काट्याला कशी गुंडाळायची ते शिकवतात, तो प्रसंग आईने दोनदा मागे नेऊन पाहिला.

माझा जन्म १९८६ चा. मी कधी कुणाला प्रेमपत्र लिहिले नाही आणि कुणाच्या पत्राची वाटही पाहिली नाही, त्यामुळे ही ओढ म्हणजे निव्वळ गतकाळाची हुरहूर आहे असे मला म्हणता येत नाही. मग मोठ्या निर्मितीसंस्थांच्या बाहेर, बेताच्या पैशांत काढलेल्या या जुन्या काळातल्या चित्रपटांत असे काय असते? कृपया एखाद्या नेमक्या प्रसंगाच्या आधारे सांगावे.

टपालपेटी

आपला प्रश्न फार जवळचा वाटला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या मते हे चित्रपट आपल्याला वाट पाहायला लावतात, आणि त्यांची खरी ताकद तिथेच आहे. आज मनात आलेली गोष्ट समोरच्यापर्यंत पोहोचायला क्षणही लागत नाही. पण ज्या काळात पत्र पोहोचायला आठवडे लागत, त्या काळात पत्र लिहिणे, ते टाकणे आणि मुख्य म्हणजे ते न उघडणे, ही प्रत्येक कृती एक निर्णय असे. 'ब्रुकलिन'मध्येच पाहा. टोनीला नीट लिहिता येत नाही, म्हणून तो धाकट्या भावाची मदत घेतो. आणि तीच पत्रे एलिश गावी आल्यावर न वाचता खणात ठेवून देते. तिच्या मनात काय चालले आहे हे दिग्दर्शकाला कुणाच्या तोंडून वदवून घ्यावे लागत नाही, तो बंद खण ते सांगतो.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेला 'शाळा' आठवा. आणीबाणीचा काळ, लहानसे गाव, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याच्या वर्गातली शिरोडकर. त्याच्यासाठी ती अखेरपर्यंत शिरोडकरच राहते. शाळेत मुलामुलींनी एकमेकांना आडनावाने हाक मारायची रीत होती आणि त्या रीतीत राहूनच सगळे काही म्हणावे लागे. ज्यांनी तसे दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक असेल की एकच आडनाव हजेरी घेताना एका स्वरात उच्चारले जाई आणि मधल्या सुट्टीत नळावर अगदी वेगळ्या स्वरात. 'ती मला लाईन देते का', एवढ्या एका प्रश्नावर पोरांची संध्याकाळच्या संध्याकाळ जाई, कारण पुरावा म्हणून हाती असे ते एक वळून पाहणे, आणि तेही कदाचित मागच्या बाकावरच्या दुसऱ्याच कुणासाठी असायचे. मोकळेपणी बोलायला जागाच नसल्यामुळे नजरेला वजन येते. चित्रपट हे माध्यम मुळात नजरेचे आहे, त्यामुळे असा विषय त्याला पेलतो आणि शोभतोही.

या चित्रपटाला ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. तो प्रदर्शित झाला तेव्हा मी ज्या खेळाला गेलो होतो, तिथे शेवटी शिरोडकर गाव सोडून गेल्याचे कळते त्या वेळी पन्नाशीतले काही गृहस्थ दिवे लागले तरी खुर्चीतून उठले नव्हते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

माळा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण यात पैशांच्या चणचणीचाही वाटा आहे, आणि तो मी जवळून पाहिला आहे.

जुना काळ उभा करणे महाग असते. रस्ता दाखवायचा म्हटले की विजेच्या तारा, मोबाईलचे मनोरे, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, चकचकीत पाट्या, सगळे आड येते. 'ब्रुकलिन'सारख्या त्या मानाने बऱ्या परिस्थितीतल्या चित्रपटालाही खुद्द ब्रुकलिनचा बराचसा भाग कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये चित्रित करावा लागला. ज्यांच्याकडे तेवढेही नसते ते कॅमेरा घेऊन घरात शिरतात. खोली, जिना, दारातला पडदा, ताटातले जेवण. आपण ज्याला हळुवारपणा म्हणतो तो पुष्कळदा या सक्तीच्या जवळिकीतून आलेला असतो.

२०१४ मध्ये आम्ही काही मित्रांनी एक लघुपट केला होता. काळ १९७५ चा, ठिकाण तालुक्याचे गाव. मिळालेल्या घराच्या भिंतीवर नवा इलेक्ट्रॉनिक वीजमीटर होता, तो झाकायला कॅलेंडर हवे होते. १९७५ आणि २०१४ या दोन्ही वर्षांचे वार तंतोतंत जुळतात, त्यामुळे चालू वर्षाचे कॅलेंडर लावून भागवावे असे कुणीतरी सुचवले. पण तिथ्या आणि सण कसे जुळणार? शेवटी घरमालकिणीच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी, खरोखरच १९७५ चे 'कालनिर्णय' सापडले. ते निघू लागून दोनच वर्षे झाली होती. पाने पिवळी पडली होती आणि प्रत्येक तारखेच्या चौकोनात शिसपेन्सिलीने दुधाचा हिशोब मांडला होता: 'अर्धा', 'एक', 'नाही', पुन्हा 'अर्धा'.

ते पाहून आमच्या दिग्दर्शिकेने त्याच रात्री कथा बदलली. मूळ संहितेत नायक नायिकेला देवळाच्या पायऱ्यांवर भेटत होता. नव्या संहितेत तो रोज दूध घालायला येतो, दारातून त्याला ते कॅलेंडर दिसते, आणि ज्या दिवशी त्याच्याऐवजी त्याचा भाऊ येतो त्या दिवशी दूध मिळूनही चौकोनात 'नाही' लिहिलेले असते. दोघांत संवाद असा काहीच नाही. हाती पैसे असते तर आम्ही देऊळ, जत्रा आणि पन्नास माणसे गोळा केली असती, आणि हा प्रसंग आम्हाला सुचलाच नसता.

घाटमाथा

चर्चा मनापासून वाचली. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती सुटली तर या चित्रपटांवर अन्याय होईल.

छोटे गाव हळुवार कधीच नव्हते. 'ब्रुकलिन'च्या उत्तरार्धात दुकानदार मिस केली एलिशला घरी बोलावते आणि तिने अमेरिकेत टोनीशी गुपचूप केलेल्या लग्नाची बातमी आपल्यापर्यंत पोहोचली आहे हे गोड आवाजात सुचवते. महासागर ओलांडूनही गावाचे कान शाबूत असतात. हे गाव कसे आहे याचा आपल्याला विसर पडला होता, असे एलिश त्यावर म्हणते आणि तिथेच तिचा निर्णय होतो. तिला मुळात जावे का लागले? गावात तिला मिळत होते ते रविवारपुरते दुकानकाम. त्या दशकात आयर्लंडमधून सुमारे ४ लाख माणसे बाहेर पडली. हा कठीण पाया चित्रपट लपवत नाही, म्हणून त्यातली माया खरी वाटते. 'शाळा'तही मुकुंदचा मित्र सुऱ्या केवडा या मुलीला सरळ विचारतो आणि ते प्रकरण अंगाशी येते. मुकुंदचे जपून वागणे आपल्याला गोड वाटते, पण त्यामागे ती धास्ती आहे.

याउलट 'मॉडी' हा कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या चित्रकार मॉड लुईस यांच्यावरचा २०१६ चा चित्रपट पाहताना मी अस्वस्थ झालो. पुढे मॉडचा नवरा होणारा एव्हरेट घरकामासाठी आलेल्या मॉडला दुसऱ्या माणसासमोर थोबाडीत मारतो, आणि पुढे त्याच एका खोलीच्या घराच्या भिंतींवर ती फुले-पक्षी रंगवत असताना आपण हळूहळू त्यांच्या संसाराला प्रेमकथा म्हणू लागतो. मॉडची भूमिका करणाऱ्या सॅली हॉकिन्स यांचा अभिनय इतका विलक्षण आहे की ती थोबाडीत विसरायला होते. मला ती विसरायची नाही. संथ लय आणि सुंदर प्रकाश असला की प्रेक्षक पुष्कळ काही माफ करतो, आणि या प्रकारच्या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ही गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे.

सांजवात

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घाटमाथा यांचा प्रतिसाद वाचून 'मॉडी' पुन्हा पाहावासा वाटतो. मीसुद्धा ती थोबाडीत विसरले होते, हे मान्य करते.

काल रात्री हे सगळे आईला वाचून दाखवले आणि तो स्पॅगेटीचा प्रसंग दोनदा का पाहिलास असे विचारले. तिला टोनीशी काही देणेघेणे नव्हते. ती त्या शिकवणाऱ्या मुलींकडे पाहत होती. १९७८ साली तिला पाहायला पाहुणे येणार होते, तेव्हा वाड्यातल्या शेजारच्या काकूंनी आदल्या दुपारी चार कपांत पाणी भरून, ट्रे तिच्या हातात देऊन, बश्यांचा आवाज होईपर्यंत आणि मग आवाज होईनासा होईपर्यंत तिला ओसरीवर येरझाऱ्या घालायला लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर चहाचा एक थेंबही सांडला नाही. ते स्थळ जमले नाही, त्या काकूही आता नाहीत, आणि ही गोष्ट आईने मला काल पहिल्यांदाच सांगितली.