पाटाच्या कडेनं सायकल: तुमचेही किस्से येऊ द्या

शेवंता
परवा भाचा आला पुण्याहून, गाडीच्या मागं सायकल बांधून. हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगले जाड, 40 मिलिमीटरचे, खरबरीत. म्हणाला, "आत्या, हिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. डांबर नको, गाड्या नकोत, हॉर्न नको, असा रस्ता आहे का इथं?" मी म्हटलं, लेका, अख्खा पाट पडलाय की!

आमचं रान कृष्णा कालव्याला लागून, किर्लोस्करवाडीच्या अलीकडं. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघून कऱ्हाड, वाळवा, पलूस करत तासगावकडं जाणारा तो इंग्रजांच्या वेळचा कालवा. मी सायकल शिकले ती त्याच्याच भरावावर. वडलांची काळी 24 इंची, दांडीवाली. सीटवर बसणं दूरच, दांडीखालून पाय घालून अर्धं अर्धं पायडल मारायचं.

चौथीत होते. पाणी सुटलेलं, पाट तुडुंब. समोरून म्हैस आली. ब्रेक होता, पण हात पोचत नव्हता. सायकल काठावर राहिली आणि मी पाण्यात. खालच्या पायरीवर एक काकू धुणं धूत होत्या, त्यांनी जाता जाता माझी वेणी धरली आणि ओढून काढलं. वर आल्यावर आधी एक मुस्काडात, मग म्हणाल्या, "कुणाची गं तू?"

परवा भाच्याच्या सायकलीवर बसले. वय 52. तीन किलोमीटर गेले, तीन आले. ती पायरी अजून आहे, धुण्याचा दगडही तोच, मधोमध झिजून खळगा पडलेला. घरी आल्यापासून डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला घेतलं. तुमच्याकडं असलं काही असेल तर सांगा. कालवा, नदी, बंधारा, काहीही चालेल.

कऱ्हाडची पोर
आधी मुस्काडात मग पत्ता!! आमच्या आजीची पण हीच पद्धत.

नुसतं वाचतो
वेणी आहे का अजून ताई

शेवंता
बॉबकट आहे. आता पडले तर वाहत थेट तासगाव.

जुना पाटकरी
मी कालव्यावर नोकरी केली, आता घरी असतो. सायकल हीच आमची सरकारी गाडी. सकाळी गेज बघायचं, मग दारं बघत जायचं, कुणाची पाळी आहे, कोण फुकट पाणी ओढतंय. रात्री बॅटरी घेऊन पुन्हा तेच.

तुम्हा सायकलवाल्यांना एक सांगतो. कालव्याला उतार अगदी नावाला, किलोमीटरमागं वीतभर म्हणा. पाणी हळू चालायला पाहिजे, नाहीतर काठ खातं. म्हणून तो सरळ जात नाही, जमिनीच्या उंचीला धरून वळत वळत जातो. समोरचं गाव एका किलोमीटरवर दिसतं आणि वाट तीन किलोमीटर फिरवून नेते. कंटाळायचं नाही. पण कालव्याच्या वाटेवर चढ लागला तर समजायचं की आपण वाट चुकलो, कुणाच्या तरी रानात शिरलो.

मिरजेचा
काका आमचा पाईप काढून नेणारे तुम्हीच का

जुना पाटकरी
म्हणजे तू पाईप टाकला होतास हे कबूल. बरं झालं.

मिरजेचा
वडलांनी टाकलेला हो काका, मी लहान होतो

दमलेला पेडल
सांगलीतून दर रविवारी निघतो. सुरुवातीला साध्या सायकलीवर गेलो होतो, पहिल्याच फेरीत दोन पंक्चर. काटा बाभळीचा असेल असं वाटलं, बघतो तर सराटा! तो वाळलेला, चारी बाजूंनी टोकं असलेला, कसाही पडला तरी एक टोक वरच. तेव्हापासून ट्यूबलेस करून आत सीलंट भरलंय. काटा घुसतो, थोडं पांढरं पाणी उडतं, भोक बुजतं. तो काटा लगेच उपटू नका, घरी येऊन बघा. आणि हवा ठासून भरू नका. माझं वजन 72, मी 35-40 पीएसआय ठेवतो, मग मुरमावर हातांना हादरे बसत नाहीत.

जवळची फेरी हवी तर हरिपूर. संगमेश्वराच्या घाटावर बसलं की समोर वारणा कृष्णेला मिळताना दिसते. पूर्वी तिथं हळदीची पेवं होती, जमिनीखाली. आजोबा सांगायचे, पेवात उतरणाऱ्याच्या आधी कंदील उतरवायचे. विझला तर उतरायचं नाही.

कऱ्हाडची पोर
पेवांचं सविस्तर लिहा ना कधीतरी, वेगळा धागा काढा.

दमलेला पेडल
2005 च्या पुरानं बरीच गेली. आजोबा पण गेले. आईला विचारून लिहितो.

भिलवडीकर
नदीकाठानं जाताय ते ठीक, पण पाण्यात पाय सोडून बसू नका. मगरी आहेत. चेष्टा नाही, भिलवडी, अंकलखोप, औदुंबर सगळ्या पट्ट्यात. आमच्या मळीवर, म्हणजे नदीकाठच्या रानात, दुपारी ऊन खात पडलेली असते, ओंडक्यासारखी. मागं एक हौशी पाहुणा फोटोसाठी सायकल पाण्याच्या कडेला उभी करून मागं मागं सरकत होता. माझ्या चुलत्यानं अशी हाक मारली की ओंडका पण पाण्यात गेला आणि पाहुणा पण शेतात.

नुसतं वाचतो
सायकल कुणी आणली मग

भिलवडीकर
चुलत्यानंच. शिव्या देत.

रानवारा
नागठाण्याच्या बंधाऱ्यावरून पलीकडं जाता येतं का अजून? 3 वर्षांमागं गेलेलो.

साताऱ्याचा बाळू
नागठाणे म्हणजे हायवेवरचं? तिथं कुठला बंधारा?

रानवारा
ते तुमच्या साताऱ्याचं. मी सांगलीचं म्हणतोय, बालगंधर्वांचं, कृष्णेवरचं.

साताऱ्याचा बाळू
हां हां. आमच्याकडं नागठाणे म्हटलं की फक्त एसटी थांबते की नाही एवढंच माहीत.

भिलवडीकर
बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असताना वरून पाणी जात नसेल तर जाता येतं, पण बसून नाही, सायकल हातात धरून. शेवाळ असतं. पावसाळ्यात विचारही करू नका.

साताऱ्याचा बाळू
आता माझं. लॉकडाऊन उठल्यावर दोघं मित्र धोमच्या डाव्या कालव्याच्या कडेनं निघालो. ठरवलं काहीच नव्हतं, पाणी जाईल तिकडं जायचं. दोन तासांत एक ट्रॅक्टर, एक सासू-सून, आणि एक माणूस पाटात अर्धा बुडून ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकत होता. एवढीच रहदारी. परतताना लिंबला बारा मोटांची विहीर बघितली. शाळेच्या सहलीत बघितली होती, पण तेव्हा लक्ष डब्यावर. 1719 ते 1724 मध्ये बांधलीय, वीरूबाई भोसल्यांनी. आत उतरलो तर भर मे महिन्यात गार. मोटा ओढायच्या जागा बघितल्या, बारा मोजल्या. मित्र म्हणाला पंधरा आहेत. भांडत घरी आलो.

कऱ्हाडची पोर
मग किती?

साताऱ्याचा बाळू
तो पुन्हा गेला नाही, मी पण नाही. मैत्री टिकली.

फलटणची सून
भात लावलाय, तेवढ्यात लिहिते. आमच्या इथं नीरा उजवा कालवा, वीर धरणाचा. लग्न करून आले तेव्हा माहेर माणमध्ये, म्हणजे टँकरवाले आम्ही. पहिल्या दिवशी नवऱ्यानं सायकलवर मागं बसवून कालव्यावर नेलं. एवढं पाणी आणि ते आपल्यासमोरून नुसतं चाललंय हे बघून मला रडू आलं. त्याला वाटलं माहेरची आठवण आली म्हणून. त्यानं मला भेळ दिली. अजून विचारतो तेव्हा का रडलीस. सांगितलं नाही. शिट्टी झाली, येते.

शेवंता
सांगा की आता त्यांना! किती वर्षं झाली?

फलटणची सून
19. सांगेन हो. भेळ बंद होईल.

सायली ७
मला एक वेगळंच विचारायचंय. सगळे म्हणताय निवांत रस्ता. पण ऊस दोन्हीकडं डोक्याच्या वर गेला की बाईमाणसानं एकटीनं जायचं का? मला तरी वेळेनुसार भीती वाटते. एकदा मोटरसायकलवरचे दोघे उगाच मागं मागं आले, मी सरळ पाण्याला मोटर लावणाऱ्या एका आजोबांजवळ थांबले. त्यांनी काही न विचारता पाणी दिलं, ते दोघे जाईपर्यंत पाईपशी खुडबुड करत उभे राहिले. आता आम्ही तिघी जातो, सकाळी सहाला, आणि ऊस तुटून गेल्यावर जास्त जातो. सगळं उघडं दिसतं.

जुना पाटकरी
बरोबर करता पोरी. आणि जिथं कालव्याचं दार असतं तिथं थांबा, कुणी ना कुणी पाण्याची वाट बघत बसलेलं असतंच.

रानवारा
पण तोडीच्या दिवसांत निवांतपणा विसरा. नोव्हेंबरपासून ट्रॉल्या चालू, जोडट्रॉली, वर फुल आवाजात गाणी. भरावाचा मुरूम दाबून दाबून पीठ होतं. माझ्या मते खरी वेळ होळीनंतरची. आणि उन्हाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं, म्हणून सकाळी वारं पडलेलं असताना कऱ्हाडच्या दिशेनं जायचं, येताना वारं पाठीवर घ्यायचं. उलटं केलंत तर माझ्यासारखं भवानीनगर स्टेशनात सायकल टेकून पॅसेंजरची वाट बघत बसाल.

मिरजेचा
गाडी मिळाली का

रानवारा
मिळाली. सायकल चढवू दिली नाही. मग परत वाऱ्यातनं.

येरळाकाठ
आमच्याकडं उलटं. लहानपणी येरळा नदी म्हणजे वाळूच, सायकल ढकलत पार करायची, चाक रुतायचं. बलवडीजवळचं बळीराजा धरण तर लोकांनी वाळू विकूनच बांधलं. आता टेंभू योजनेचं पाणी आलं, कालव्याच्या कडेला रस्ता आला, आणि माझा मुलगा म्हणतो, पप्पा, नदी कुठं आहे? त्याला कालवाच नदी वाटतो.

काळ्या रानातून जाताना मात्र पाऊस बघून जा. माती भिजली की चाक आणि फ्रेमच्या मधे भरते, फिरणंच बंद. मी दोन किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन चाललोय. वाटेत एक म्हातारा म्हणाला, "बरं हाय, तिला बी जरा इश्रांती."

नुसतं वाचतो
काकवी कुठं मिळते चांगली? वाटेत गुऱ्हाळ असेल तर सांगा

भिलवडीकर
डबा घेऊन ये, बाटलीत देत नाहीत. स्टीलचा आण, झाकण घट्ट. सायकलवर सांडली तर महिनाभर मुंग्या.

दमलेला पेडल
या रविवारी कोण कोण? किर्लोस्करवाडीपासून वर, ताईंची पायरी बघत. सहाला स्टेशनबाहेर.

सायली ७
आम्ही तिघी.

मिरजेचा
मी. पंप कुणाकडं आहे? माझा वडील घेऊन गेलेत

साताऱ्याचा बाळू
पाणी सुटलंय का बघा आधी कुणीतरी, पोहायचे कपडे घ्यायचे का ठरवता येईल.

शेवंता
काल रात्री सुटलं. आत्ताच धुणं टाकून आले.